एकच लाट

कॅमेरादुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक दाजी आणि त्यांचा मेहुणा बसले होते. दाजींचा पाण्याखालचा कॅमेरा मेहुण्याने समुद्रावर नेला होता आणि आत पाणी शिरलेला परत आणला होता.

“कॅमेरा हातात धरूनच होडीतून उडी मारलीस ना? खरं सांग.”

“छे हो दाजी! तुम्ही बजावलं होतंत ना? आधी मी पाण्यात उतरलो, मग नावाड्याने वरून अलगद हातात दिला.”

“अलगद दिला, तर झाकण सरकलं कसं?”

“लाट आली असेल.”

“मघाशी तर म्हणालास, समुद्र शांत होता.”

“शांतच होता. एकच लाट आली.”

“हो, खास माझ्या कॅमेऱ्याला भेटायला.”

“तुमचा माझ्यावर विश्वासच नाही. ताईची शपथ घेऊन सांगतो...”

“तिला मध्ये आणू नकोस.”

तेवढ्यात आतून कारागीर बाहेर आला.

“साहेब, कॅमेरा गेला, पण कार्ड शाबूत आहे. होडीवरच रेकॉर्डिंग चालू झालेलं दिसतंय. लावू का इथेच?”

“लावा की.”

“दाजी, निघूया का आपण? ताई जेवायची थांबली असेल.”