वरचा कप्पा

बर्फवाला : नाही म्हणजे नाही, मॅडम. सांगितलंय त्याच्यावर एक क्रेट जरी आत गेलं, तरी मी दाराला कुलूप लावून किल्ली गिळून टाकीन.

अधिकारी : काका, जागा दिसते आहे मला. मागच्या भिंतीपाशी माणूस आडवा झोपेल एवढी.

बर्फवाला : प्रश्न जागेचा नाहीच. तुमची ही भिजलेली सरकारी दप्तरं म्हणजे पाण्यानं भरलेल्या उशा आहेत. खोलीतली सगळी थंडी पिऊन टाकतात. सकाळी उणे वीसवर होतो, आता काटा बघा. उणे नऊ! अजून ओलं कोंबलं तर काहीच गोठणार नाही, नुसतं गार होऊन बसेल. मग बुरशी तुमची आणि बदनामी माझी.

अधिकारी : पहिला ट्रक तर सगळा आत गेला. दुसऱ्यातलं किती घ्याल?

बर्फवाला : निम्मं. तेही मटार हलवले म्हणून.

अधिकारी : निम्मंच?

बर्फवाला : असं तोंड करू नका हो. मासळीवाल्याला आज सकाळी त्याच्या मालासकट बाहेर काढलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या. मासळी गेली, वास तेवढा राहिलाय. शंभर वर्षांनी कुणी अभ्यासक तुमचे कागद उघडील आणि लिहील, या राज्याचा कारभार मासळीबाजारातून चालायचा.

अधिकारी : फार चुकीचं नाही लिहिणार तो.

बर्फवाला : हसलात! आल्यापासून पहिल्यांदा. खरं सांगू का? अण्णा बुद्धिबळ खेळता खेळता म्हणायचे, ‘माझी मुलगी राज्याची मुख्य अभिलेख अधिकारी आहे.’ मला वाटायचं, रद्दी मोजून द्यायचं खातं असेल.

अधिकारी : तेही आहेच. कुठला कागद कायमचा ठेवायचा आणि कुठला नष्ट करायचा, त्यावर शेवटची सही माझी असते. कोणते कागद किती वर्षं सांभाळायचे, ते प्रत्येक खात्याला सांगायचं. कोर्टानं मागितली की ही प्रत खरी आहे, असं लिहून द्यायचं. आणि आमच्या छतावरची टाकी गळते आहे, असं बांधकाम खात्याला दरवर्षी न कंटाळता कळवायचं.

बर्फवाला : काल ती फुटलीच.

अधिकारी : तीही सुट्टीच्या दिवशी. रखवालदाराला जिन्यावरून पाणी उतरताना दिसलं, तोवर टाकी रिकामी झाली होती.

बर्फवाला : आमची ही विचारत होती, एवढा खटाटोप कशाला? गच्चीवर उन्हात पसरा की.

अधिकारी : भिजलेली पानं उन्हात एकमेकांना चिकटतात. वहीची वीट होते. आणि इतकी पानं सुटी करायला माणसं कुठून आणू? दोन दिवसांत बुरशी धरेल. गोठवलं की ती घाई संपते. मग महिनोन्महिने, सावकाश, बर्फाची थेट वाफ करायची. मधे पाणी होऊच द्यायचं नाही. म्हणजे शाई हलत नाही.

बर्फवाला : बर्फाची थेट वाफ! माझे मटार असे सुकले की गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकतं.

अधिकारी : तेच. फक्त आम्ही ते मुद्दाम करतो. थांबा हं, फोन आहे. नमस्कार, सर. हो, शीतगृहातच आहे… नाही, मंत्रिमंडळाची इतिवृत्तं पहिल्या ट्रकमध्ये नव्हती. दुसऱ्यातही नाहीत… कारण त्यांची फिल्मवरची प्रत दुसऱ्या इमारतीत सुरक्षित आहे, सर. क्रम एकच लावलाय. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही, ते आधी. ज्याची आहे, ते शेवटी… मूळ सह्या आहेत, मान्य आहे… नाही, सर. अपवाद नाही. कुणासाठीच नाही… लेखी आदेश अवश्य पाठवा. त्याखाली मी माझं मत लिहीन आणि तो नीट जपून ठेवीन… हो, सर. नमस्कार.

बर्फवाला : कोण होतं?

अधिकारी : सचिव.

बर्फवाला : आणि त्यांना तुम्ही सरळ नाही म्हणालात?

अधिकारी : हा निर्णय कायद्यानं माझा आहे, काका. त्यांचा असता तर त्यांनी विचारलंच नसतं.





(दार ढकलून एक वृद्ध गृहस्थ आत येतात. अंगात जुना जाड कोट, एका हातात काठी, दुसऱ्यात थर्मास.)

बाबा : बर्फ्या, चहा आणलाय. गोठायच्या आत प्या.

बर्फवाला : या, अण्णा, या! तुमची लेक माझी खोली गरम करायला निघाली आहे.

अधिकारी : बाबा, तुम्ही इथे कशाला आलात? छातीत कफ आहे ना?

बाबा : ही छाती पुरात उभी राहिलेली आहे, चिमे. दाराबाहेर होतो मी. सचिवांना काय ऐकवलंस! कुणासाठीच नाही, म्हणे. वा! असं तोंड आमच्या पाटबंधारे खात्यात कुणाला असतं, तर दोन पूल वाचले असते.

अधिकारी : बसा आधी. ते खोकं घ्या.

बर्फवाला : मॅडम, आता अण्णांच्या वह्या उतरवायला सांगतो. ट्रकमध्ये शेवटी रचल्यात, मी बघितल्या. अण्णा, उभी हयात नदीच्या मोजपट्टीशी उभं राहून जे लिहिलंत, ते आता माझ्या मटारांच्या शेजारी. मागच्या भिंतीपाशी, दारापासून लांब. मानाची जागा आहे.

अधिकारी : काका…

बर्फवाला : तेवढ्याची सोय मी करतो. कशीही करतो.

अधिकारी : मघाशी किल्ली गिळणार होतात.

बर्फवाला : ती सरकारी क्रेटसाठी.

अधिकारी : याही सरकारीच आहेत.

बर्फवाला : हे बघा, मॅडम. मॅडम कसलं, पोरी, ऐक. सरकारनं फोन केला असता तर मी आजारी आहे म्हणून सांगितलं असतं. मासळीवाल्याला बाहेर काढलं ते अण्णांच्या शब्दाखातर.

बाबा : थांब रे. चिमे, माझ्या वह्या भिजल्यात?

अधिकारी : हो.

बाबा : सकाळी तू म्हणालीस, थोडं पाणी वरच्या मजल्यावर लागलंय. मला वाटलं, खिडकीकडच्या कपाटांना लागलं असेल.

अधिकारी : फोनवर सांगवलं नाही. सगळ्यांत जास्त त्याच भिजल्या, बाबा. टाकी बरोबर त्यांच्या डोक्यावर होती.

बाबा : वरचा कप्पा.

अधिकारी : हो.

बाबा : मी भांडून घेतला होता तो. तू तेव्हा कॉलेजात होतीस. तुझ्या आधीच्या साहेबांनी वह्या तळमजल्यावर लावल्या होत्या. मी म्हटलं, साहेब, एक मोठा पूर आला की सगळं गाळात जाईल. सगळ्यांत वरचा मजला द्या, त्यातही सगळ्यांत वरचा कप्पा द्या. ते हसत होते. मी स्वतः शिडी धरून उभा राहिलो आणि एकेक वही वर चढवून घेतली.

बर्फवाला : बरोबरच केलंत की.

बाबा : आयुष्यभर पाणी खालून वर येताना बघितलं रे मी. ते वरून येईल, हे डोक्यातच आलं नाही.

अधिकारी : कुणाच्याच आलं नाही.

बाबा : तुझ्या आलं होतं. टाकीबद्दल तू लिहीत होतीस. बरं, ते जाऊ दे. ट्रकमध्ये शेवटी का रचल्यास?

अधिकारी : जागा उरली तर, म्हणून.

बाबा : आणि उरली नाही.

अधिकारी : नाही उरली.

बाबा : पण क्रम काय म्हणालीस तू सचिवांना? ज्याची दुसरी प्रत नाही, ते आधी. माझ्या वह्यांची दुसरी प्रत कुठे आहे?

अधिकारी : वार्षिक अहवाल आहेत ना छापलेले. रोजची सकाळ-संध्याकाळची पातळी त्यांत आहे. तीन-चार ग्रंथालयांत मिळतात.

बाबा : ते आकडे! छापणाऱ्यानं आकडे उचलले. समासातलं कुणी छापलं? पाण्याचा रंग कधी बदलला, वारा कुठून होता, पूर उतरताना काठ कुठे कापला गेला? मोजपट्टी वाकली त्या दिवशी मी पातळी कशावरून काढली, ते अहवालात आहे? तू विज्ञान शिकलीस. मला सांग, प्रत कशाला म्हणतात?

अधिकारी : ती पूर्ण प्रत नाही. मला माहीत आहे.

बाबा : माहीत आहे ना?

अधिकारी : वाचायला मी त्याच समासावर शिकले, बाबा. ‘आज पाणी चहासारखे.’ मी एकटीनं वाचलेलं पहिलं वाक्य आहे ते.

बाबा : आणि मला विचारलंस, दूध कुणी घातलं?

बर्फवाला : मग झालं तर! आता काय अडलंय?

अधिकारी : दाराबाहेर निळ्या कापडातली क्रेटं आहेत, ती अडली आहेत. दोन्ही घेता येणार नाहीत. तुम्हीच काटा दाखवलात मला.

बाबा : काय आहे त्यांत?

अधिकारी : बालगृहाच्या प्रवेशनोंदी. फाटकाशी ठेवून गेलेली मुलं. एका मुलाला एक ओळ. कधी सापडलं, अंगावर काय होतं, कुणी आत आणलं. बस, एवढंच.

बाबा : जुन्या?

अधिकारी : त्यातली काही मुलं आता आजी-आजोबा झालीत. आमच्या वाचनकक्षात येतात. एक बाई दरवर्षी येतात. नक्कल दिली आहे मी त्यांना, सहीशिक्क्याची. तरी येतात. म्हणतात, ज्यानं मला उचललं त्याचं अक्षर बघायचंय. ओळीवर बोट ठेवून बसतात थोडा वेळ. नियमानं बोट लावायचं नसतं. मी दुसरीकडे बघते.

बाबा : दुसरी प्रत?

अधिकारी : त्या बाईंच्या ओळीची आहे. बाकीच्यांची नाही. अजून आलेच नाहीत ते.

बर्फवाला : अण्णा, मी काय म्हणतो, ट्रकमधून चार-पाच वह्या हळूच…

अधिकारी : काका, नाही.

बाबा : मी घरी नेतो. पंखा लावतो, एकेक पान सोडवत बसतो. मला दुसरं काम काय आहे?

अधिकारी : सरकारी अभिलेख घरी नेता येत नाहीत.

बाबा : अगं, मी लिहिलेत ते!

अधिकारी : तुम्हीच लिहिलेत. तरीसुद्धा.

बाबा : बापालासुद्धा?

अधिकारी : बाबा, आत्ता तुम्हाला दिल्या तर उद्या सचिवांना कुठल्या तोंडानं अडवू? तुम्ही दाराबाहेर उभे होतात. ऐकलंत तुम्ही.

बाबा : ऐकलं. वा म्हणालो.

बर्फवाला : चहा निवला हो.

बाबा : असू दे. चिमे, रागावून विचारत नाही. वह्यांचं आता काय होईल?

अधिकारी : आमच्याकडे एक खोली कोरडी राहिली आहे. टीपकागद आहे, पंखे आहेत. माणसं नाहीत. आहेत ती सगळी क्रेटं भरण्यात गुंतलीत. उद्यापर्यंत जेवढी पानं सुटतील तेवढी सुटतील. मग बुरशी धरेल. सगळ्या वाचणार नाहीत, बाबा. निम्म्याही नाही, बहुतेक. ज्या जातील त्यांच्या नाशाच्या दाखल्यावर मी सही करीन. कारण लिहीन. खरं ते.

बाबा : त्या खोलीत खुर्ची आहे का?

अधिकारी : आहे.

बाबा : बाहेरच्या माणसाला बसू देतात? नियमात बसतं?

अधिकारी : बसतं. दारात नाव लिहायचं. पिशवी बाहेर ठेवायची. पेनही बाहेर.

बाबा : पेन मी कधी वापरलं? पाऊस कोसळत असताना नदीवर पेन कोण नेईल? सगळं शिसपेन्सिलीत आहे माझं. समाससुद्धा.

अधिकारी : माहीत आहे.

बाबा : पेन्सिल पाण्यात पसरत नाही.

अधिकारी : नाही पसरत. पण कागद कुजतो, बाबा.

बाबा : ते कळलं मला. या मुलांचं कशात आहे?

अधिकारी : शाईत. जांभळ्या. कालपासून पसरते आहे. काही ओळी सकाळी वाचता येत होत्या, आता नाही येत.

बाबा : मग तू इथे बोलत काय बसली आहेस?

बर्फवाला : मॅडम, गडी विचारतायत, आत काय घ्यायचं? दार असं उघडं ठेवता येत नाही मला. काटा चढतोय.

अधिकारी : हो… सांगते…

बर्फवाला : लवकर सांगा.

बाबा : निळ्या कापडातलं घे, बर्फ्या. ती पोरं शाईत आहेत. माझी नदी पेन्सिलीत आहे, थांबेल ती थोडी.