माहा आठवडा माह्या डोस्क्यात

...नाई, तुमीच सांगा, झालेलं काम गायब करते आन् राहिलेलं काम लाल रंगात दाखवते, अशा वस्तूले शहानं म्हनाचं का? तुमाले सांगते, तीस वर्सं झाली, मी विमलाबाई रोवन्याच्या बायांची म्होरकी हाये. सतरा जनी हायेत माह्या हाताखाली. कोनाच्या बांधीत कवा धान रोवाचं, कोनाचे पऱ्हे, म्हनजे धानाचे रोपं, आधी उपटाचे, सारं मीच सांगते, आन् आजपर्यंत त्यासाठी ना कागद लागला ना पेन. पहाटे बुद्धविहारापाशी उभी राहाची, एक हाक माराची, "चला वो, आज श्यामरावकडे," का सतरा जनी पदर खोचून हजर! माहा आठवडा माह्या डोस्क्यात हाये, आन् डोस्कं माह्या धडावर हाये!

पन आमचा अश्वजित... पोरगा माहाच, भंडाऱ्याले हापिसात हाये. तिथं त्याले कोन्या सायबानं दोन दिवस बसवून शिकवलं, का आठवड्याचं नियोजन मोबाईलवर कसं कराचं. आता शिकला तं हापिसात कर ना बाप्पा! घरी आला आन् मले म्हनते, "आई, तुह्यावर लोड लय हाये." म्या म्हटलं, लोड ट्रॅक्टरवर असते, माह्यावर कायले असन? तं त्याची बायको रश्मी, तेबी त्याच्याच पार्टीत. दोघांनी मले खुर्चीवर बसवलं, एकेक इचारून राहिले आन् मोबाईलमध्ये भरून राहिले. आठवडा कवा सुरू होते आई? म्या म्हटलं, बुधवारी. बुधवारी कसा? अवो, आपल्या गावचा बाजार बुधवारी नाई का! बाजार झाला का जुना आठवडा गेला, नवा लागला, एवढं बी नाई समजत? तं म्हनते, यात बुधवारी सुरू होत नाई, सोमवारीच होते. म्हनजे आता मोबाईलच्या सोयीनं मी बाजार हलवू का?

मंग निघालं महत्त्वाचं आन् बिनमहत्त्वाचं. श्यामरावचे चार एकर, ते महत्त्वाचं, टाक सोमवारी. सेवकरामचे दोन एकर, टाक मंगळवारी. आन् गिरजाबाईची बोडीच्या तळ्याखालची एक बांधी... "छोटं काम हाये आई, रविवारी होऊन जाते." आता तुमाले सांगते ही गिरजाबाई कोन. आमच्या टोळीतलीच बाई. नवरा गेला तवापासून एकटी. बांधी एकच, पन तिच्या वर्साचा भात त्याच बांधीत. तोंडानं काही मागन तं ते गिरजाबाई नाई. म्हनून दरवर्सी तिची बांधी मी मोठ्यायच्या आधी रोवून घेते, ना ते मागत ना मी सांगत. आता हे मोबाईलमध्ये कुठं लिवाचं? त्यात तारीख लिवता येते, टाइम लिवता येते, रंग देता येते, पन "तोंडानं मागत नाई" असा रकानाच नाई! मी बोलनार होती, पन पोराचा हुरूप पाहून गप राहिली. तेवढी माही चुकी झाली, कबूल करते.

अश्वजितनं ते यादी बायांच्या मोबाईलवर बी धाडून देली. सोमवार आला. पहाटे साडेपाचले सोळा मोबाईल एका टायमाले वाजले, गावातले कुत्रे उठून बसले. गेलो श्यामरावकडे तं काय? ट्रॅक्टर वाटेतच बंद पडलेला, बांध्यायमध्ये चिखल नाई, आन् श्यामराव आपला बांधाच्या धुऱ्यावर बसून मिस्त्रीची वाट पाहून राहिला! म्या म्हटलं, हरकत नाई, चला गिरजाबाईकडे. तिनं दरवर्सीच्या भरोशानं भावाचे बैल आनून चिखल करून ठेवला होता ना! तं आमच्यातली लहानी, खुशबू, मोबाईल पाहाते आन् म्हनते, मावशी, गिरजाबाई तं रविवारी दाखवून राहिली. आन् बसल्या वो साऱ्या मोहाच्या झाडाखाली! जिनं कालपर्यंत माहा शब्द खाली पडू देला नाई, ते बी बसली!

गिरजाबाई तिथंच उभी. तिच्यापाशी बटनाचा साधा फोन, त्यात हे यादी-बिदी येत नाई. म्हनली, "राहू द्या ताई, रविवारी करू." आन् आपल्या पऱ्ह्यायकडे पाहून राहिली. पऱ्हे पिवळे पडाले लागले होते. अजून सहा दिवस ठेवले असते तं मंग रोवून बी काय फायदा, जून पऱ्ह्याले फुटवा येत नाई. आन् मंग मले जो राग आला! म्या पिशवी घेतली, एकेकीचा मोबाईल मागून त्यात टाकला आन् पिशवी देली मोहाच्या फांदीले टांगून. म्हटलं, त्याले राहू दे तिथं सोमवारात, आपन चला चिखलात! दुपारपर्यंत बांधी हिरवी करून टाकली. पिशवी झाडावर वाजत होती, "श्यामराव, उशीर, श्यामराव, उशीर"... म्या म्हटलं वाज बाप्पा, खुशाल वाज! माहा आठवडा माह्या डोस्क्यात हाये, आन् डोस्कं माह्या धडावर हाये!

संध्याकाळी रश्मी म्हनते, आई, गिरजाबाईवर टिक करून टाका. आता टिक केली का ते काम गायब होते, हे म्या आधीच पाहून ठेवलं होतं. सतरा जनींची कंबर मोडली, आन् मी ते एका बोटानं पुसून टाकू? नाई करत! कायले करू? राहू दे तिथंच, दिसू दे साऱ्यायले!

तं राहिलं ना ते तिथंच, रविवारपर्यंत! आन् मी रविवारी बहिनीकडे सानगडीले. इकडं पहाटे सोळा मोबाईल वाजले, "गिरजाबाई, बांधी." बाया म्हनल्या, हे तं सोमवारीच झालं ना? तं खुशबू म्हनते, "मावशीनं ठेवलं हाये म्हनजे काही ना काही काम असनच." घ्या! ऐकाले नाई पाहिजे तवा एवढ्या ऐकनाऱ्या! सोळा जनी डबे घेऊन रोवलेल्या बांधीच्या धुऱ्यावर उभ्या, आन् तिकडं श्यामरावचा ट्रॅक्टर नीट झालेला, चिखल तयार, चहाचं गंज चुलीवर, आन् बाई एक नाई. त्यानं मले सानगडीले फोन लावून जे काही ऐकवलं, ते मी इथं सांगत नाई. गिरजाबाईनं बिचारीनं एवढ्या बाया पाहून भात चढवला. मंग मले म्हनली, "ताई, पहिल्यांदा माह्याकडे कोनी बिनकामाचं आलं."

घरी मी अश्वजितले म्हटलं, पाहाय, हे तुह्या मोबाईलचे उपकार. त्यानं टिक कोनी केली नाई हे इचारलं नाई, तेवढा समजदार हाये. दोघा नवरा-बायकोनं बसून सारी यादी पुसली. श्यामराव पुसला, सेवकराम पुसला, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं सारं पुसलं, आन् म्हनते, आई, आता फक्त एकच काम ठेवलं, रोज पहाटे पाचले. म्या म्हटलं, कोनतं रे? त्यानं वाचून दाखवलं, "विमलाबाईले इचारा."

जिंकली ना मी! तुमीच सांगा, जिंकली का नाई? आता रोज पाचले सोळा मोबाईल वाजतात, "विमलाबाईले इचारा," आन् सोळाच्या सोळा जनी मले फोन करतात, मावशी, आज कोनाकडे? आधी मी एक हाक मारत होती, आता सोळा फोन उचलते. गिरजाबाई तेवढी फोन करत नाई, ते आपली विहारापाशी येऊन उभी राहाते. माहा आठवडा अजून माह्या डोस्क्यातच हाये, डोस्कं अजून धडावरच हाये... फक्त पाचच्या नंतर ते उशीवर टेकू देत नाईत.