चुंबक घसरलं तिथे

आप्पा: म्हणजे मिस्त्री, माझ्या गाडीला तुम्ही हातसुद्धा लावला नाही?

मिस्त्री: लावायला हात आहे कुठे, आप्पा? उजवा हा असा. कप धरला तर अर्धा चहा अंगावर. अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले. सगळं काम सूनबाईनं केलं.

आप्पा: फोनवर का नाही सांगितलंत?

मिस्त्री: सांगितलं असतं, तर आणली असतीत?

आप्पा: नसती आणली! स्पष्टच बोलतो. माझी नर्सरी या पिकअपवर उभी राहिली. एकोणीस वर्षं रोपं वाहिली हिनं. दोन्ही पोरं हिच्या हौद्यात बसून शाळेत गेली. त्या टँकरवाल्यानं गाडी मागे घेता घेता हिची डावी बाजू पार चेपली, तेव्हा घरात कुणी धड जेवलं नाही. या मॉडेलचं दार आता कुठेच मिळत नाही, म्हणून तुमच्याकडे आणली. तुमच्याकडे, मिस्त्री! ताई, राग मानू नका.

सून: नाही मानत. गाडी बघून घ्या.

आप्पा: बघतोय की. चकाचक दिसतेय. पण रंगाचं काय, पुट्टी थापून वर रंग मारला की कुठलीही गाडी चकाचक. दोन उन्हाळे गेले की पोपडे.

सून: पुट्टी नाही भरली.

आप्पा: अहो, दारात एवढी खळगी होती! माझी मूठ बसत होती.

सून: दोन मुठी. मी बसवून बघितल्या.

मिस्त्री: घ्या!

सून: पत्रा चेपला होता, फाटला नव्हता. आतून डॉली धरली आणि कडेकडेनं ठोकत मध्याकडे आले. आधीच मधोमध ठोकलं असतं, तर पत्रा ताणला असता. तरी एका जागी फुगलाच. तिथे गॅसनं तापवून ओल्या फडक्यानं आकसवला. एकट्या दाराला नऊ दिवस लागले.

आप्पा: डॉली म्हणजे?

मिस्त्री: लोखंडाचा ठोकळा. पत्र्याच्या मागे धरायचा. हात गेल्यावर हिला मी तेवढंच सांगितलं होतं, तू मागून धर, मी डाव्या हातानं ठोकतो. तिसऱ्या दिवशी म्हणते कशी, बाबा, तुम्ही धरा, मी ठोकते.

आप्पा: आणि दिलीत हातोडी?

मिस्त्री: छे! आठवडाभर गाल फुगवून बसलो. पोटचा पोरगा, त्यानं कधी हातोडीकडे ढुंकून बघितलं नाही, आणि ही मागते म्हणजे काय! शेवटी भंगारातलं एक बॉनेट पुढ्यात टाकलं. म्हटलं, हे सरळ करून दाखव.

सून: अकरा वेळा परत करायला लावलं.

मिस्त्री: बारा. बाराव्या वेळी मला खोट काढता आली नाही. अशी चिडचिड झाली म्हणून सांगू!

आप्पा: असेल, असेल. पण माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही.

मिस्त्री: ठेवूच नका. ते फळीवरचं चुंबक घ्या. पत्र्याला चिकटतं, जाड पुट्टी असली की घसरतं. फडक्यात गुंडाळा मात्र, रंगावर ओरखडा नको.

(आप्पा चुंबक घेऊन गाडीच्या डाव्या अंगानं मागून पुढे सरकतात.)

आप्पा: हौद्याची बाजू... धरतंय. इथेही. दाराची खालची कड... धरतंय. मूठ बसत होती ती जागा हीच ना?

सून: जरा वर. हां, तिथे.

आप्पा: धरतंय. चांगलं खेचून धरतंय... थांबा. हे काय? पुढच्या चाकावर, मडगार्डला. घसरलं! मिस्त्री, घसरलं! हे बघा, परत. मी काय म्हणत होतो?

मिस्त्री: मडगार्डला? सूनबाई, हे गं काय?

आप्पा: आता गप्प का झालात, ताई?

मिस्त्री: बोल ना. चूक झाली असेल तर झाली म्हण. तेही शिकावं लागतं.

सून: बाबा, टँकर दारावर आणि हौद्यावर आदळला होता. मडगार्डला काही झालं नव्हतं. त्याला मी हातोडी लावली नाही, नुसता रंग जुळवून घेतला.

आप्पा: मग पुट्टी आली कुठून? ही गाडी दुसऱ्या कुठल्या गॅरेजची पायरी चढलेली नाही!

मिस्त्री: ...द्या ते चुंबक इकडे.

आप्पा: घ्या.

मिस्त्री: घसरतंय खरं. आप्पा, फाटकाच्या खांबाला घासली होती, आठवतं? सहा-सात वर्षं झाली.

आप्पा: न आठवायला काय? तुम्ही एका दिवसात करून दिलीत. मी गावभर तुमचं कौतुक केलं.

मिस्त्री: झाली नव्हती. आतल्या घडीत हातोडी पोचेना. दुपारपर्यंत झटापट केली, कंटाळलो, आणि भरली पुट्टी. तुम्ही पाठ थोपटलीत, मी थोपटून घेतली.

आप्पा: मिस्त्री, तुम्ही?

मिस्त्री: मीच. सूनबाई, तुला कधी कळलं?

सून: पहिल्याच दिवशी. टिचकी मारली, तर आवाज बद्द आला.

मिस्त्री: आणि बोलली नाहीस. आत्ता ते तुझ्यावर शेकत होतं, तरी नाही.

सून: गिऱ्हाइकासमोर कसं बोलू?

आप्पा: ताई, मघाशी मी फारच तोंड सोडलं.

सून: गाडी तुमची आहे. विचारणारच.

आप्पा: एकोणीस वर्षांत मिस्त्रींची खोट पहिल्यांदा सापडली, आणि सापडली कुणामुळे, तर त्यांच्याच चुंबकामुळे!

मिस्त्री: हसा, हसा. मला विचाराल तर आज छाती फुगलीय. उभ्या जन्मात माझं काम कुणी पकडलं नाही. पकडणारी माझ्याच घरात निघाली. आप्पा, किल्ली इथेच राहू द्या. अजून दोन दिवस लागतील.

आप्पा: ठेवली. पण मडगार्ड ताईंनीच करायचं बरं का.

सून: बाबा, राहू दे ना ते. तुमच्या हातचं काम आहे.

मिस्त्री: म्हणून तर म्हणतो, काढ.