उघड्या दाराचा किल्ला

उमरग्याच्या दवाखान्यात माझा नंबर एकशे नववा होता. खोटं वाटलं तर नव्वदावा धरा. शेजारी शिवकांता आणि धोंडप्पा बसले होते. मोबाईलवरच्या किल्ल्यांच्या खेळात दोघं एकाच गटातले, आणि धोंडप्पा गटाचे प्रमुख.

"अप्पा, मी गट सोडते. रोज माझाच किल्ला पडतोय. माझ्यापायी समद्यांची हार."

"सोडशील गं. आधी सांग, पडतो कधी?"

"रोज दिवेलागणीला."

"त्या वक्ताला तू काय करतीस?"

"दार उघडते."

"घराचं?"

"घराचं बी, किल्ल्याचं बी. तिन्हीसांजेला दार लावलं तर लक्ष्मी कशी यायची?"

"अरे देवा! आन् दुश्मन सरळ आत!"

"हसा. म्हणून तर जाते म्हणलं."

"थांब. दार उघडंच ठेव. दाराआड काय हाय?"

"झेंडू लावलाय."

"ऱ्हाऊ दे. झेंडूच्या मागं समद्या तोफा मांड."

"मांडल्या. अप्पा, साडेसहा वाजले. आले बघा!"

"येऊ दे."

"उडाले! समदे उडाले! त्यांचं सोनं माझ्या कोठारात आलं!"

"मग, आली का लक्ष्मी?"

"लई आली!"

"आता सोडतीस गट?"

"कशाला? उद्या समद्यांना दारं उघडायला सांगा. तोफा कुठं मांडायच्या, मी दावते."

तेवढ्यात नर्सबाईंनी पुकारलं, "बावीस नंबर! बावीस कोण?"

"मीच हाय," शिवकांता मोबाईलवरची नजर न काढता म्हणाली, "पण तेवीसला घ्या, बाई. तिन्हीसांज अजून सरली न्हाय."