दोराला पाटी नव्हती

रोवीना : नाही म्हणजे नाही. ‘माझ्या बापाने निष्काळजीपणा केला’ असं मी कोर्टात बोलणार नाही. तू आधी चहा पाज. नळी जरा डावीकडे धर.

क्लेमंट : घे. सावकाश पी. अगं, भरपाईचे पैसे माझ्या खिशातून नाही जायचे. चर्चचा विमा आहे.

रोवीना : आणि नाव कुणाचं जाईल? अख्ख्या गावाला घंटा वाजवायला तू शिकवलंस, बाबा.

क्लेमंट : नाव घाल चुलीत! तुला चोवीस तास माणूस लागणार. मी सत्तरीला टेकलोय. माझ्यामागे तुला कूस कोण बदलून देणार? सांग ना.

रोवीना : मला काय माहीत.

क्लेमंट : तेच. वकीलबाईंनी सोपं करून सांगितलंय. घंटाघर सांभाळायची जबाबदारी माझी होती. त्यात मी चुकलो. त्याच चुकीने तुला इजा झाली. एवढं सिद्ध झालं की पुरे. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, म्हणून आम्ही घंटा उलट्या, तोंड आभाळाकडे करून ठेवल्या. तशा ठेवल्या की दोरांना धोक्याची पाटी टांगायचीच. आणि मी शहाणा, सोबत घंटा वाजवणाऱ्या पर्सीशी क्रिकेटच्या गप्पा हाणत कुलूप लावून खाली उतरलो.

रोवीना : सकाळी मी झाडायला गेले, गंमत म्हणून दोर ओढला, घंटा कलंडली आणि दोराने मला छताला नेऊन आपटलं. ठाऊक आहे रे. मी होते तिथे.

क्लेमंट : असली चेष्टा नको गं करूस.

रोवीना : मग रडू? डोळे पुसायला पण तूच लागतोस.

क्लेमंट : विमावाल्यांचा वकील सोडणार नाही तुला. म्हणेल, पोरगी लहानपणापासून घंटा वाजवते, धोका माहीत असून आपणहून पत्करला. निदान अर्धी चूक तरी तिची. घंटा उलटी तर नाही ना, हे बघायला दोर आधी हलक्या हाताने चाचपायचा, हे शिकवलं होतं की नाही, असं मला विचारेल.

रोवीना : शिकवलं होतंस की.

क्लेमंट : नव्हतं, म्हणून सांगेन.

रोवीना : बायबलवर हात ठेवून?

क्लेमंट : ठेवून. गेलो नरकात तर गेलो.

रोवीना : काही नको! मला वाजवता येत होतं, बाबा. चांगलं येत होतं. तू तरी ‘येत नव्हतं’ म्हणू नकोस. फार लागेल मला ते.

क्लेमंट : मग तो तुलाच धरेल. येत होतं, तर चाचपलं का नाहीस? काय सांगशील?

रोवीना : खरं ते सांगेन.

क्लेमंट : काय खरं?

रोवीना : आदल्या दिवशी घंटाघर बघून कुलूप तू लावलं होतंस ना. मग मी कशाला बघू?