राबाचा धूर

लाडकी : चोर हाय तुमचा मोठा साहेब. नाव माहीत नाय मला त्याचं, तोंड बघितलं नाय, पण चोर हाय. जा, आत जाऊन सांग.

खंडेराव : ओ मावशी, गेटावर आरडू नगा. मी हितला वॉचमन. माझ्या तोंडातनं ‘चोर’ निघालं तर उद्या माझंच गाठोडं बांधत्याल.

लाडकी : मग प्रतीक्षाबाईला बोलाव. माझ्या ओट्यावर बसून नागलीची भाकर खाल्लीय तिनं. मिरची लागली तर गूळ दिला मी.

खंडेराव : फोन केलाय, येत्यात. लांबनं आलाय जणू?

लाडकी : मनोरच्या वरनं, पाड्यावरनं. टेम्पो घेऊन आलेय. आमचा राब परत न्यायचाय.

खंडेराव : राब म्हंजी?

लाडकी : तुमच्याकडं रोपं कशी करतात रे?

खंडेराव : आमी सोलापूरकडचं. ज्वारी पेरायची. उगवली तर उगवली, न्हाई तर आमी उगवतो बोईसरला.

लाडकी : भाताचं तसं नाय. रोप टाकायच्या तुकड्यावर आधी ऐनाची टहाळं, पाला, गवत, शेण पसरायचं आन् पेटवायचं. माती भाजली पाहिजे. नाय भाजली तर भात कमी, तण जास्त. हिवाळ्यापासून डोक्यावर भारे वाहून ढीग करतो आमी. तो राब.

खंडेराव : आन् तुमी तो ह्या कंपनीला दिला?

लाडकी : दिला. सगळ्या पाड्याला मीच बोलले, द्या. एकटा झिपरू ‘नाय देणार’ बोलला. म्हातारा खुळा झाला म्हणून हसलो आमी त्याला. आज सगळ्या पाड्यात त्याच्याच शेताचा तुकडा काळा हाय.

(प्रतीक्षा आतून येते, हेल्मेट काखेत. मागच्या खेपेपेक्षा पोरगी वाळलीय, असं लाडकीला वाटतं. पण ते ती बोलत नाही.)

प्रतीक्षा : लाडकीताई, उन्हात का उभ्या? केबिनमध्ये चला.

लाडकी : आत नको. ढीग दे. टेम्पोवाला खोळंबलाय.

प्रतीक्षा : ताई, प्लांट बंद केला त्यांनी.

लाडकी : मनोरच्या बाजारात कळलं. म्हणून तर आले. तुमाला नको तर आमचं आमाला द्या.

खंडेराव : मॅडम, एक इचारू? एवढी वरसं मी ह्या प्लांटचं गेट उघडलं. आत व्हायचं तरी काय?

प्रतीक्षा : पाला-काडी शिजवायची, तिचा काळा रस काढायचा. तो टाकीत जिवाणूंना खायला घालायचा. ते खाऊन जिवाणू म्युकॉनिक अ‍ॅसिड करतात. पांढरी पूड असते. तिच्यावर पुढे प्रक्रिया केली की नायलॉन होतं. आज ते सगळं खनिज तेलापासून होतं. आम्हाला जमिनीखालचं तेल न उपसता करायचं होतं, दरवर्षी उगवणाऱ्या पाल्यातून.

लाडकी : झालं का?

प्रतीक्षा : झालं, ताई. बरणीभर झाली. मिठासारखी. पण तेलापासून केलेली पूड स्वस्त पडते. वरून सांगितलं, थांबवा.

खंडेराव : आन् ते जिवाणू?

प्रतीक्षा : टाकीची हवा बंद केली. मेले.

खंडेराव : एका महिन्याची नोटीस तरी द्यायची बिचाऱ्यांना.

प्रतीक्षा : खंडेराव, नका हो.

लाडकी : ओट्यावर बसून तू काय बोललेलीस, आठवतं? जाळू नका, धुरानं आभाळ तापतं. आमची पोरं धूर खातात म्हणून तुझ्या डोळ्यात पाणी आलेलं. मला वाटलं, ही आपली हाय.

प्रतीक्षा : खरंच बोलले होते मी ते.

लाडकी : आन् राबाच्या बदली काय देणार होतीस?

प्रतीक्षा : भाताची तयार रोपं. कंपनीच्या नर्सरीतली. वरून मला तसंच सांगितलं होतं.

लाडकी : वर म्हणजे कोण?

प्रतीक्षा : मोठे साहेब. मुंबईत बसतात. मीसुद्धा त्यांना फक्त स्क्रीनवर पाहिलंय.

लाडकी : रोपं कुठं हायत?

प्रतीक्षा : नर्सरी उभीच राहिली नाही.

लाडकी : बरं. नाय तर नाय. ढीग दे. मिरगाला अजून वेळ हाय. आज नेला तर उद्या भाजतो. राती जागू, पण भाजतो.

प्रतीक्षा : ताई...

लाडकी : थांब. बोलू नको. गेटावर आल्यापासून नाकात काहीतरी हाय माझ्या. बोईसरला कुजक्या अंड्याचा वास असतो, औषधांचा असतो. हा तसला नाय. हा घरचा वास हाय. आमचा पाडा ह्या दिवसांत असा वास मारतो.

खंडेराव : कालपासनं बॉयलरात कायतरी कोंबायला लागल्यात. मला वाटलं, कचरा असंल.

लाडकी : बाई, वर बघ. त्या चिमणीतनं निघतंय, तो राब हाय आमचा?

प्रतीक्षा : मी नको म्हटलं होतं. भांडले. म्हणाले, यार्ड रिकामं हवंय, दुसरं काम आलंय. रंग बनवायचं. परत तेलातूनच. आणि मला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

लाडकी : राख तरी दे. पाटीभर दे.

प्रतीक्षा : कोळशाची राख मिसळलीय तिच्यात. शेतात नका टाकू. पाया पडते.

खंडेराव : मावशी, बसा हितं. पाणी घ्या.

लाडकी : तुमच्या नळाचं पाणी नको मला.

खंडेराव : घरनं भरून आणलंय. मी बी हितलं पीत न्हाई.

लाडकी : ... दे.

प्रतीक्षा : माती न भाजता बी टाकलं, तर भात नाहीच का होणार?

लाडकी : होईल ना. तणात भात शोधत बसायचं. मग दिवाळी झाली की पोरं-सोरं घेऊन वीटभट्टीवर. पाड्यातल्या सगळ्या चुली. आन् भट्टीवर बायका मला शिव्या नाय देणार, बाई. आमच्यात बोलत नाहीत. नुसतं माझ्या शेजारी चूल मांडणार नाहीत.

प्रतीक्षा : मी काय करू, सांगा. त्यांना आता फोन लावते.

लाडकी : लाव.

प्रतीक्षा : उचलत नाहीत.

खंडेराव : त्यांचा फोन उचलायसाठी नसतोयच, मॅडम. आपला उचलायसाठी असतोय.

लाडकी : मग तूच सांग. शिकलेली हायस. आमी भातासाठी पेटवला तर आभाळ तापतं. त्यानं जागा रिकामी करायला पेटवला, तर काय होतं?

प्रतीक्षा : ताई, मी...

लाडकी : रडू नको. टेम्पो जाऊ दे रिकामा, मी इथंच बसते. तू सांग.