रिकाम्या गावातली दवंडी

(थळजवळचा माळ, सन १९२४. पिलेगात गाव सोडून आलेल्यांच्या झोपड्या.)

केसर : रिकाम्या गावात दवंडी पिटलीस? ऐकलं कुणी, हिरामणकाका? कावळ्यांनी?

हिरामण : हुकमात होतं, 'गावात आळीआळीनं पिटावी.' माळावर पिटा असं सायबानं लिवलं न्हाय. हुकमाबाहेर माझं टिपरू पडत न्हाय, बाय.

केसर : धन्य तुझी! आन् आम्ही हितं वाट बघत बसलोय. काय म्हणतंय सरकार?

हिरामण : पिलेग हटला. आधी दर्याकडच्या घरांनी परतावं, कौलं उतरवून घरात ऊन येऊ द्यावं. मग बाजाराकडच्यांनी. ज्या दाराला तांबडी खूण, त्यांनी पुढला हुकूम येईस्तवर शिरू नये.

केसर : म्हंजे आम्ही सगळ्यांच्या मागं.

हिरामण : तुमच्या घरात माणूस गेलं ना, पोरी.

केसर : आन् जितं माणूस आत हाय, त्याचं? 'देवापुढं दिवा कोण लावील' म्हणून मामंजी हटून बसले. वेशीवर भाकरी ठेवते, ती परवापासनं तशीच हाय. खरं सांग काका, आमच्या दारावरनं गेलास ना?

हिरामण : गेलो.

केसर : मग? बोल की!

हिरामण : आळीनं 'ऐकलं' म्हटल्याबिगर दवंडीवाला पाय उचलीत न्हाय, ही आपली रीत. बाकीच्या आळ्यांत मीच मनात 'ऐकलं' म्हणायचो आन् पुढं व्हायचो. तुमच्या दाराशी थांबलो, तर आतनं आलं. 'ऐकलं.'

केसर : विठ्ठला, पांडुरंगा! हायेत! मामंजी हायेत!

हिरामण : थांब. धावू नको.

केसर : का? आवाज त्यांचाच ना?

हिरामण : त्याचाच. कीर्तनाला उभा राहतो तेव्हाचा, खणखणीत. पर त्याच्या मागनं कुणी बाईमाणसानं तेच उचललं. वरच्या सुरात, टाळावर ध्रुपद धरावं तसं.

केसर : ...आत्याबाई धरायच्या तसं.

हिरामण : तुझ्या सासूचं, येसूवयनीचं सरण मी रचलंय, केसर.

केसर : ठाऊक हाय. सरक, मला जाऊ दे.

हिरामण : आन् हुकूम?

केसर : दारात उभी राहून हाक मारीन. एकट्याचा 'ओ' आला, तर आत शिरीन.

हिरामण : दोघांचा आला तर?

केसर : तर उंबऱ्याबाहेर बसून ऐकीन.